तेरा मिनिटांचं नागपूर

नकाशावर फूटपट्टी ठेवून पाहा. तेलंगणातलं आदिलाबाद ते नागपूर सरळ रेषेत सुमारे 175 कि.मी., आदिलाबाद ते हैदराबाद सुमारे 250. ताशी 800 कि.मी. वेगाने विमान गेलं, तर नागपूर तेरा मिनिटांवर आणि हैदराबाद एकोणीस मिनिटांवर. गणित अगदी बरोबर. फक्त आदिलाबादहून प्रवासी विमान उडत नाही, एवढीच काय ती अडचण!

जमिनीवर उतरलं की हिशेब बदलतो. राष्ट्रीय महामार्ग 44 ने नागपूर दोनशेच्या आसपास, हैदराबाद तीनशेच्या. आगगाडीची गंमत आणखी वेगळी. हैदराबादकडे जाणारी गाडी आदिलाबादहून दक्षिणेला न जाता पश्चिमेला निघते. किनवट, भोकर करत मुदखेडला येते, म्हणजे चक्क महाराष्ट्रात. तिथून वळून बासरला पुन्हा तेलंगणात शिरते. स्वतःच्या राजधानीला जायचं तर परराज्यातून वळसा!

हा रूळ पडला तेव्हाही वळसा होताच, पण परराज्य नव्हतं. सगळा मुलूख हैदराबादचा. किनवट आणि राजुरा तर आदिलाबाद जिल्ह्याचेच तालुके. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत हे मराठी तालुके मुंबई राज्यात आले, आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेलं आणि 2014 साली तेलंगणात. रूळ होते तिथेच राहिले, सीमा त्यांच्यावरून गेली. आदिलाबादेत मराठी बोलणारी घरं आजही आहेत आणि पैनगंगेच्या दोन्ही काठांवर सोयरिकी आहेत. त्यांच्या लेखी किनवट परकं नाही. पण राजधानीतल्या इस्पितळात पेशंट न्यायचा असेल, तर हा वळसा जिवावर येतो.

आता तिथे विमानतळाची चर्चा आहे. निजामाच्या काळातली जुनी धावपट्टी आहे, 2025 साली वायुदलाने नागरी विमानसेवेला संमतीही दिली. उत्तम झालं. विमानतळाला नावं ठेवण्याचा अधिकार आम्हा गोंयकारांना नाहीच. 3702 चौ.कि.मी.च्या गोव्यात दाबोळी होतंच, 2023 पासून मोपाही आहे. पण अनुभवाचं सांगतो. विमान कितीतरी वर्षं होतं, तरी सामान्य माणसाला मुंबई जवळ आली ती 1998 साली, कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली तेव्हा. कारण ती मधल्या गावांत थांबते, आणि फणसासकट आजीला घेऊन जाते.

आदिलाबादहून निर्मल, आर्मूरमार्गे सरळ रेल्वेची मागणी वर्षानुवर्षांची आहे. विमान काही निर्मलला थांबणार नाही. म्हणून माझं मत विचाराल तर, एकोणीस मिनिटांचं हैदराबाद जरूर द्या. पण त्याआधी निर्मलवरून जाणारी एक साधी पॅसेंजर द्या. तिला पाच तास लागले तरी कुणी तक्रार करणार नाही.