मशिदीसमोर थांबणारी पालखी

खुनी गणपती हे नाव ऐकून बाहेरगावचा पाहुणा दचकतो. धुळेकराला त्यात काही वावगं वाटत नाही. 1895 साली जुन्या धुळ्यातल्या या गणपतीची मिरवणूक मशिदीसमोर आली, वाद पेटला, इंग्रजी अमलातल्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि माणसं मेली. गणपतीला आणि मशिदीलाही तेव्हापासून हेच नाव चिकटलं. ते पुसावं असं गावाला वाटलं नाही. आज अनंत चतुर्दशीला पालखी त्याच मशिदीसमोर थांबते. मौलाना आणि मोहल्ल्यातली मंडळी फुलं उधळून स्वागत करतात, तिथेच आरती होते, आणि मग पालखी पुढे सरकते.

सलोख्याची चित्रं, सलोख्याची शिल्पं असा विषय निघाला की मला ही पालखी आठवते. खान्देशात दोन समाजांनी मिळून घडवलेली याहून मोठी कलाकृती मला ठाऊक नाही. पालखीपुढे टाळ-मृदंगावर पावली खेळतात. पावलीत एकट्याचं कौतुक नसतं. पुढं टाकलेलं पाऊल सगळ्यांनी मिळून मागं घ्यायचं, शेजाऱ्याच्या पायाकडे लक्ष ठेवायचं, ताल सोडायचा नाही. पालखी मशिदीपाशी पोचते तेव्हा फुलांच्या पाट्या घेऊन उभी असलेली माणसंही त्याच तालात सामील झालेली असतात. हे कुठल्या दालनात टांगून ठेवता येत नाही. दरवर्षी नव्याने करावं लागतं, म्हणूनच ते टिकलं आहे.

पण पालखी आहे म्हणून गाव वाचलं, असं म्हणण्याची माझी छाती नाही. ऑक्टोबर 2008 मध्ये धुळं पेटलं. 6 जानेवारी 2013 ला मच्छीबाजारात एका खाणावळीच्या बिलावरून भांडण झालं, दगडफेक झाली, पोलिसांच्या गोळीबारात सहा तरुण गेले. सहा घरांतली ती जागा अजून रिकामी आहे. मशिदीसमोरची फुलं त्या दिवशी कुणाच्या कामी आली नाहीत, कारण सलोखा आपण वडीलधाऱ्यांच्या हाती सोपवला आहे आणि पोरं बाजूला उभी राहून मोबाइलमध्ये तो टिपतात. ज्या वयात हात दगडाकडे जातो, त्या वयाच्या हातांना आपण दुसरं कामच दिलेलं नाही.

सणांच्या तोंडावर शांतता समितीची बैठक भरते. साहेब येतात, दोन्हीकडचे पुढारी पहिल्या रांगेत बसतात, शाल-श्रीफळ होतं, भाषणं होतात, चहा होतो. ही बैठक लागतेच. एरवी एकमेकांचा फोन नंबरही नसलेली माणसं तिथे भेटतात आणि मिरवणुकीच्या वेळा ठरतात. 2023 मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद 28 सप्टेंबरला एकाच दिवशी आल्या. मुंबईसह राज्यात ठिकठिकाणी मुस्लीम समाजाने आपला जुलूस दुसऱ्या दिवशी काढला. अशा समजुतीमागे किती जणांचं बोलणं असतं, हे बैठकीत बसलेल्यालाच कळतं.

माझं म्हणणं एवढंच, की त्या बैठकीत पोरांना बसायला जागा हवी, आणि त्यांच्या हातात रंग हवेत. उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात कित्येक वर्षं रक्त सांडलं. तिथल्या बोगसाइड वस्तीतल्या एका भिंतीवर 2004 साली शांततेचं मोठं कबुतर रंगवलं गेलं, आणि त्या कामात दोन्हीकडच्या शाळांची मुलं होती. आपल्याकडे उर्दू शाळेतलं आणि मराठी शाळेतलं मूल एकाच गावात दहावी होतं, पण कधी एका सतरंजीवर बसत नाही.

आणि दुसऱ्या समाजाजवळ जाण्याचा हा वारसा आपल्याला परका नाही. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. त्याच साने गुरुजींनी पुढे मराठी वाचकासाठी 'इस्लामी संस्कृती' लिहिली, आणि विनोबांनी कुराणातले वेचे निवडून 'कुराण-सार' तयार केलं. दुसऱ्याचं नीट समजून घेणं हेही त्यांनी हाताने करायचं काम मानलं.

तेव्हा गणेश मंडळांना, मशिदीच्या विश्वस्तांना आणि गावातल्या चित्रकला शिक्षकांना माझी विनंती आहे. पुढच्या अनंत चतुर्दशीच्या आधी एका रविवारी दोन्ही शाळांची मुलं बोलवा. पालखीच्या वाटेवर मशिदीसमोरचा रस्ता झाडून घ्या, रांगोळी आणि खडू द्या, आणि काय काढायचं ते मुलांनाच ठरवू द्या. भाषण ठेवू नका. पाहुणे बोलावू नका. रंगांचा खर्च वर्गणीतून सहज निघेल, आणि कमी पडला तर मला सांगा.