सिस्टर, हे कुठे लिहिलंय?



रमजान जवळ आला की मोहल्ल्यातल्या अनेक घरांतून एकच प्रश्न निघतो. अम्मीला शुगर आहे, इन्शुलिन चालू आहे, रोजे ठेवता येतील का? डॉक्टरांच्या खोलीत गर्दी असते, तिथे हे विचारायचे राहून जाते. मग तो प्रश्न बाहेर सिस्टरला विचारला जातो. आमच्या जेऊरसारख्या गावात तर तो दुकानात, रस्त्यात आणि लग्नाच्या मांडवातही तिला विचारला जातो. मोठे रुग्णालय गाठायचे म्हणजे गाडीने सोलापूर नाही तर पुणे. तेवढा खर्च आणि तेवढी धावपळ करायची की नाही, हे ठरवण्याआधी माणसे जवळच्या नर्सचा शब्द घेतात.

या शब्दाची जबाबदारी मोठी आहे. नर्सने शिकताना जे वाचले ते त्या वर्षांचे होते. औषधे बदलतात, सूचना बदलतात. दुसरीकडे घरातला मुलगा मोबाइल पुढे करून म्हणतो, ‘बघा, परदेशातल्या संशोधनात सिद्ध झालंय.’ कोणते संशोधन, कोणी केले, कधी केले, याचा त्या संदेशात पत्ता नसतो. अशा वेळी नर्सला खात्रीची माहिती शोधता आली पाहिजे, आणि तिला ती शोधू देणे हे आपलेही काम आहे. आपल्या घरांतल्या मुलीही आता एएनएम, जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंगला जात आहेत. म्हणून या महिन्यात हाच विषय घेतला आहे.

सनद पाहण्याची सवय

बातमी आली की आधी तिची शहानिशा करा, नाही तर अजाणतेपणी कुणाचे नुकसान होईल, ही शिकवण सूरह हुजुरातमध्ये आहे. आपल्या मुहद्दिसांनी हदीस गोळा करताना केवळ मजकूर पाहिला नाही, सनदही पाहिली. कोणी कोणाकडून ऐकले, सांगणारा विश्वासू होता का, मधला दुवा तुटला आहे का, हे सारे तपासले. दीनचे ज्ञान आणि वैद्यकीय संशोधन यांचा दर्जा एक नाही, हे उघड आहे. पण ‘हे कुठून आले?’ असे विचारण्याची सवय दोन्हीकडे उपयोगी पडते.

संशोधनाचीही सनद असते. लेखक कोण आणि कोणत्या संस्थेचे? किती रुग्णांवर अभ्यास झाला? उपाय न घेतलेल्या दुसऱ्या गटाशी तुलना केली का? पैसा कोणी दिला? तो औषध विकणाऱ्या कंपनीचाच होता का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्याच विषयावर इतरांनी केलेले अभ्यास काय सांगतात?

हा शेवटचा प्रश्न का महत्त्वाचा, ते एका उदाहरणाने कळेल. हे उदाहरण नर्सच्या हातातल्या एका इंजेक्शनचे आहे.

एक इंजेक्शन, तीन उत्तरे

दिवस भरण्याआधी बाळंतपण झाले तर बाळाची फुप्फुसे कच्ची असतात. आईला आधी स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले तर अशा बाळांना फायदा होतो, हे न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हावी या डॉक्टरांनी १९७२ मध्ये दाखवले. नंतर इतरांनीही असे प्रयोग केले, पण ते वेगवेगळ्या नियतकालिकांत विखुरलेले राहिले. १९८९ मध्ये ते एकत्र मांडले गेले, तेव्हा या उपायाचा गुण स्पष्ट दिसला. तोपर्यंत बहुतेक प्रसूतितज्ज्ञांना त्याचे मोल कळले नव्हते. त्यामुळे वाचू शकली असती अशी हजारो बाळे गेली असावीत. विखुरलेले अभ्यास गोळा करून, पारखून, त्यांचा एकत्रित निष्कर्ष मांडणारी कॉक्रेन ही संस्था १९९३ मध्ये स्थापन झाली. तिच्या बोधचिन्हात याच इंजेक्शनच्या प्रयोगांचा आलेख आहे.

पुढे २०१४ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने सूचना काढल्या. मुदतपूर्व कळा सुरू झालेल्या आईला मोठ्या रुग्णालयात पाठवण्याआधी एएनएमने डेक्सामेथासोनचे पहिले इंजेक्शन द्यावे, असे त्यांत म्हटले होते. त्याच सुमारास सहा देशांत एक मोठा अभ्यास पूर्ण झाला होता. भारतातली त्याची ठिकाणे नागपूर आणि बेळगाव ही होती. गावपातळीवर हे इंजेक्शन पोहोचवले तर काय होते, हे सुमारे एक लाख जन्मांच्या नोंदींवरून पाहिले गेले. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष आले तेव्हा सगळे चकित झाले. अगदी कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू घटले नव्हते. उलट सगळी बाळे मिळून दर हजारी साडेतीन मृत्यू जास्त झाले होते. इंजेक्शन मिळालेल्या कित्येक मातांची बाळे मुळात अपुऱ्या दिवसांची नव्हतीच, आणि मातांमध्ये जंतुसंसर्गाची शंकाही वाढलेली दिसली.

मग इंजेक्शन वाईट म्हणायचे का? तसेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, पाकिस्तान, बांगलादेश, केनिया आणि नायजेरिया या पाच देशांतल्या २९ रुग्णालयांत पुन्हा अभ्यास केला. गर्भाचे दिवस सोनोग्राफीने नक्की केले होते आणि बाळंतपण रुग्णालयात होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा: इंजेक्शन न मिळालेल्या गटात २३.५ टक्के बाळे दगावली, मिळालेल्या गटात १९.६ टक्के. म्हणजे दिवसांची खात्री असेल आणि आई-बाळाची काळजी घेण्याची सोय असेल, तिथे हे इंजेक्शन जीव वाचवते.

हे सारे अभ्यास प्रामाणिक होते. पण फक्त १९७२ चा वाचणारी नर्स म्हणेल ‘द्या’, आणि फक्त गावपातळीवरचा वाचणारी म्हणेल ‘देऊ नका’. खरे उत्तर ‘कोणाला, कुठे आणि कोणत्या सोयी असताना’ या प्रश्नांत आहे. म्हणून एका लेखावर निर्णय ठरत नाही. सर्व अभ्यासांचा एकत्रित आढावा पाहावा लागतो, आणि नर्सने पाहिलेले डॉक्टरांसमोर ठेवावे लागते. औषध किंवा मात्रा स्वतःच्या मनाने बदलणे हा त्याचा अर्थ नव्हे.

शोधायचे कसे

पबमेड ही अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची सूची १९९७ पासून सर्वांना मोफत खुली आहे. त्यात साडेतीन कोटींहून अधिक लेखांची नोंद आहे. बहुतेक नोंदींत लेखाचा सारांश मिळतो, आणि अनेक पूर्ण लेखही मोफत वाचता येतात. कॉक्रेनच्या आढाव्यांचे सोप्या भाषेतले सारांशही मोफत आहेत. जागतिक आरोग्य संघटना आणि आपले आरोग्य मंत्रालय यांच्या मार्गदर्शक सूचना त्यांच्या स्थळांवर आहेत. या चार जागा साध्या मोबाइलवर उघडतात.

अडचण येते ती शब्दांची. पहिले पाऊल म्हणजे प्रश्नाचे चार तुकडे करणे: रुग्ण कोण, उपाय कोणता, कशाशी तुलना, परिणाम काय पाहायचा. अम्मीचा प्रश्न घेऊ. रुग्ण: मधुमेह असलेली व्यक्ती. उपाय: रोजा. तुलना: रोजा न ठेवणे. परिणाम: साखर अचानक उतरणे किंवा चढणे. आता ‘शुगर’ हा शब्द टाकून काही हाती लागणार नाही, तिथे ‘डायबेटिस’ लिहावे लागते. बीपीसाठी ‘हायपरटेन्शन’. आपण रमजान हा शब्द इंग्रजी अक्षरांत झेड घालून लिहितो, पण संशोधक बहुधा डी घालून ‘रमादान’ लिहितात. एवढ्या एका अक्षराने शेकडो लेख निसटतात. त्यानंतर ‘सिस्टिमॅटिक रिव्ह्यू’ ही चाळणी लावली की एकत्रित आढावे तेवढे उरतात.

असा शोध घेतला तर काय मिळते? १३ देशांतल्या १२ हजारांहून अधिक मधुमेहींचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. टाइप दोनच्या रुग्णांपैकी सुमारे ७९ टक्के लोकांनी किमान १५ रोजे ठेवले होते, आणि साखर धोकादायकपणे उतरण्याचे प्रमाण त्यांच्यात रमजानमध्ये साडेसात पट झाले होते. यानंतर आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ आणि डार या संस्थेने मिळून २०१६ मध्ये मार्गदर्शिका काढली, ती २०२१ मध्ये सुधारली. रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटावे, रुग्णाचा धोका मोजावा, रोजात बोटातून रक्त घेऊन साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, आणि साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असे त्यात आहे. आजाऱ्याला सवलत तर सूरह बकरामध्येच आहे. आता सिस्टर अम्मीला ‘ठेवा’ किंवा ‘ठेवू नका’ असे अंदाजाने सांगणार नाही. ती म्हणेल, ‘रमजानच्या दोन महिने आधी डॉक्टरांकडे चला, हे कागद घेऊन.’

आणखी एक खूण लक्षात ठेवावी. लेख मागे घेतला गेला असेल तर पबमेडवर तसा स्पष्ट शिक्का दिसतो. गोवराच्या लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा, अवघ्या १२ मुलांवरचा लेख १९९८ मध्ये छापला गेला. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने तो मागे घेतला, तरी त्याची भीती अजून मोबाइलवर फिरते. २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी आणि मालेगाव येथे गोवर पसरला, लहान मुले दगावली. अशा वस्तीत लस घेऊन जाणाऱ्या नर्सला दारात उत्तर द्यावे लागते. त्या वेळी तो शिक्का तिला दाखवता आला पाहिजे. संगणकाशी गप्पा मारून उत्तर मिळवणाऱ्यांनीही सावध राहावे. तो कधी कधी अस्तित्वात नसलेल्या लेखाचे नाव सांगतो. ते नाव पबमेडवर सापडते का, हे आधी पाहावे.

आपण काय करू शकतो

पहिली मदत वेळेची. सिस्टर ‘बघून सांगते’ म्हणाली तर तिला अडाणी समजू नका. ठोकून देणाऱ्यापेक्षा ती अधिक विश्वासू आहे. दुसरी मदत भाषेची. मराठी किंवा उर्दू माध्यमात शिकलेल्या अनेक नर्सेसना इंग्रजी सारांश जड जातो. घरातल्या शिकलेल्या मुला-मुलींनी आणि आम्हा शिक्षकांनी आठवड्यातून एक तास बसून एक सारांश त्यांच्याबरोबर वाचावा. अर्थ त्या लावतील, शब्द आपण सांगावेत. तिसरी मदत साधनांची. मशिदीच्या किंवा शाळेच्या वाचनालयात एक संगणक आणि नेट ठेवणे हे सदका-ए-जारियाचेच काम आहे. चौथी मदत म्हणजे खात्री नसलेला संदेश पुढे न पाठवणे.

हज़रत रुफैदा (रजि.) यांचा तंबू मस्जिद-ए-नबवीजवळ होता. खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या हज़रत साद बिन मुआज़ (रजि.) यांना तिथेच उपचारासाठी ठेवले होते. रुग्णसेवेला आपल्याकडे पहिल्यापासून असे मानाचे स्थान आहे. आज तो मान देण्याची एक रीत अशी आहे: पुढच्या वेळी सिस्टर काही सांगेल तेव्हा अदबीने विचारा, ‘सिस्टर, हे कुठे लिहिलंय?’ आणि ती दाखवू लागली की शेजारी बसून वाचा.