व्रत आणि सक्ती

सत्तेची आकांक्षा धरणारा मनुष्य लोकांपुढे उघडपणे सत्ता मागण्यास कधी येत नाही. तो एखादा विचार हाती घेऊन येतो, आणि तो विचार बहुधा चांगलाच असतो. धर्म, देश, भाषा, समता, अहिंसा या शब्दांना जनतेच्या अंतःकरणात जे स्थान आहे, तेच त्याचे भांडवल होय. म्हणून विचार चांगला की वाईट एवढे विचारून भागत नाही. तो आपणांस शहाणे करावयास आला आहे की हाकावयास, हेही विचारावे लागते. हा प्रश्न तत्त्वज्ञांचा वाटेल. परंतु भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोकात राहणाऱ्या माणसाला तो आपल्या जिन्यातच भेटतो.

मुंबईत परवडेल अशी जागा मिळेना म्हणून माणसे या वस्तीत आली. एकाच मजल्यावर कोकणातला, काठेवाडातला, मारवाडातला आणि उत्तर हिंदुस्थानातला अशी चार बिऱ्हाडे येथे नांदतात. प्रत्येकाचा देव्हारा निराळा, स्वयंपाक निराळा, घरातली बोली निराळी. असा शेजार म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्याची रोजची शाळाच. या शाळेत गेल्या काही वर्षांत दोन धडे गिरविले गेले. दोन्ही आम्हांस चिंताजनक वाटतात.

पहिला सन २०१५ चा. पर्युषणाच्या काळात आठ दिवस मांसविक्री बंद ठेवण्याचा निर्णय मीरा-भाईंदर महानगरपालिकेने घेतला, आणि त्यावरून मोठे वादळ उठले. अहिंसा हे मानवजातीचे एक थोर तत्त्व आहे, याविषयी आमचे दुमत नाही. परंतु जैन धर्मात व्रत हे घ्यावयाचे असते. ते दुसऱ्याच्या गळ्यात घालावयाचे नसते. पालिकेच्या आदेशाने शेजाऱ्याची चूल बदलली, तर त्याचे पुण्य ना शेजाऱ्याला, ना व्रतस्थाला. लाभ होतो तो केवळ आदेश काढविणाऱ्याचा. कारण अमुक समाज आपल्यामागे आहे असे त्यास मिरविता येते.

दुसरा धडा सन २०२५ चा. शाळांतील हिंदीसक्तीचे शासननिर्णय महाराष्ट्राने एकमुखाने धिक्कारले आणि २९ जून रोजी सरकारला ते मागे घ्यावे लागले. तो लोकमताचा स्वच्छ विजय होता. परंतु त्याच सुमारास मीरा रोड येथे मराठी बोलण्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाली. ३ जुलैला व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवून निषेध केला. ८ जुलैच्या मराठी मोर्चाला पोलिसांनी परवानगी नाकारली, कार्यकर्त्यांची धरपकड केली, तरीही हजारो लोक रस्त्यावर आले. मराठी माणसाची तक्रार खोटी नाही. आपल्याच राज्यात घर विकत वा भाड्याने घेताना आडनाव आणि आहार विचारला जातो, हा अपमान आहे. आणि शांततेच्या मोर्चाला मज्जाव करणे हे सरकारला शोभले नाही. परंतु थप्पड हे या तक्रारीचे उत्तर नव्हे. आम्ही पूर्वी काही वर्षे शिक्षकी केली आहे. छडीच्या धाकाने मुलगा कविता घोकतो. पण त्या कवितेवर त्याचे प्रेम बसल्याचे आम्ही कधी पाहिले नाही.

दोन्ही प्रसंगांत पक्ष परस्परविरुद्ध होते, पण रीत एकच होती. प्रथम सद्गुणाचे रूपांतर टोळीच्या खुणेत करावयाचे. मग ती खूण ज्याच्या अंगी नाही त्याला शत्रू ठरवावयाचे. शेवटी आपल्यातीलच जो शंका काढील त्याला फितूर म्हणावयाचे. ही तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची. कारण नेत्याला खरी भीती परक्याची नसते, घरच्या विचार करणाऱ्याची असते.

ही भीती महाराष्ट्राला नवी नाही. गोपाळ गणेश आगरकर हे टिळकांचे जिवलग मित्र. कोल्हापूर प्रकरणी १८८२ साली दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात एकशेएक दिवस बरोबर काढले. तरीही समाजसुधारणेविषयीचे आपले मत ‘केसरी’त मोकळेपणाने मांडता येईना, तेव्हा आगरकरांनी ते पत्र सोडले आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. मिल्ल आणि स्पेन्सर यांच्या ग्रंथांवर पोसलेल्या या सातारकडच्या गरीब ब्राह्मणाचे म्हणणे थोडक्यात असे होते, की रूढी कितीही जुनी असो, तिने व्यक्तीच्या बुद्धीपुढे येऊन जाब दिला पाहिजे. संमतिवयाचा कायदा १८९१ साली झाला, तेव्हा परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये असा घोष उठला. त्या घोषात राष्ट्राभिमान खरा होता. परंतु दहा वर्षांच्या बालवधूचे दुःख त्यात कोणास ऐकू येत नव्हते. आगरकरांस ते ऐकू आले. याचे बक्षीस म्हणून पुण्यात त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली. समूहाच्या नावाने बोलणारे व्यक्तीला कसे पुरतात, याचे याहून बोलके उदाहरण नाही.

व्यक्तिवाद म्हणजे स्वार्थ, संघटनेवाचून काही मिळत नाही, असा आक्षेप येईल. संघटना हवीच. संयुक्त महाराष्ट्र १९६० साली मिळाला तो संघटित लढ्यानेच. परंतु त्या लढ्याची मूळ मागणी राज्यकर्त्यांकडे होती. शेजाऱ्याने कान धरावेत ही नव्हती. आणि आगरकरांचा व्यक्तिवाद हा ‘मला वाटेल ते करीन’ असे म्हणणाऱ्याचा नाही. जे स्वातंत्र्य मी मागतो ते शेजाऱ्यासही देतो, हे त्याचे मर्म आहे. आपल्या आहाराचे स्वातंत्र्य सांगून दुसऱ्याला घर नाकारणारी गृहनिर्माण संस्था व्यक्तिवादी नव्हे; तीही एक टोळीच होय.

तेव्हा इंद्रलोकातील नागरिकांनी काय करावे? मराठी शाळांत सक्तीने शिकविण्याचा कायदा २०२० मध्ये झाला आहे; तो आपल्या मुलांच्या शाळेत नीट पाळला जातो का, हे पालकांनी विचारावे. संस्थेच्या वार्षिक सभेत, घर कोणास द्यावयाचे नाही याविषयी कुजबुज झाली, तर उभे राहून तीस विरोध करावा. परप्रांतीय शेजाऱ्यास मराठी शिकवावी, आणि त्यानेही ती उपकार म्हणून नव्हे, येथला रहिवासी म्हणून शिकावी. यात घोषणा नाहीत, म्हणून कोणा नेत्याला यात रस वाटणार नाही. नेमके हेच त्याच्या निर्मळपणाचे प्रमाण होय.

उद्या कोणी नवा झेंडा घेऊन दारी येईल. त्यावरील शब्द पवित्रच असेल. त्यास नमस्कार अवश्य करावा. परंतु दांडा कोणाच्या मुठीत आहे, हे पाहिल्यावाचून त्यामागे एक पाऊलही टाकू नये.