न पाहताच लावलेले नाव

१५१७ साली क्युबाहून निघालेल्या स्पॅनिश जहाजांना युकातानच्या टोकाशी माया लोकांचे मोठे शहर दिसले. खलाशांनी त्याला नाव दिले ‘ग्रान कैरो’, म्हणजे मोठे कैरो. दोन वर्षांनी एर्नान कोर्तेस मेक्सिकोत उतरला. राजाला लिहिलेल्या पत्रांत त्याने तिथल्या देवळांना चक्क ‘मशिदी’ म्हटले. त्या भूमीवर इस्लामचा मागमूसही नव्हता. पण ग्रानादाची मुस्लिम सत्ता १४९२ मध्येच संपवलेल्या स्पेनच्या डोक्यात ‘परक्या’चा साचा तयार होता. नवी माणसे त्यात बसवली गेली.

संवादाचेही तसेच. १५१३ मध्ये तयार झालेले ‘रेकेरिमिएन्तो’ हे फर्मान स्थानिकांना वाचून दाखवायचे असे: चर्च आणि राजाची सत्ता माना, नाहीतर युद्ध आणि गुलामगिरी येईल, आणि दोष तुमचाच असेल. अनेकदा दुभाषा नसायचा. ऐकणाऱ्यांना शब्दही कळत नसे. कागदोपत्री मात्र सूचना दिलेली असे.

मग जेत्यांनी गोष्ट पसरवली, की भोळ्या लोकांनी स्पॅनिशांना देव मानले. वास्तव वेगळे आहे. १५१७ मध्येच चांपोतोन इथे माया योद्ध्यांनी पन्नासहून अधिक स्पॅनिश मारले. त्लाश्कालाचे लोक आधी कोर्तेसशी लढले, मग मेशिकांशी जुने वैर म्हणून त्याच्या बाजूला गेले. १३ ऑगस्ट १५२१ रोजी मेशिकांची राजधानी तेनोच्तित्लान पडली, ती या हजारो स्थानिक योद्ध्यांच्या बळावर, आणि देवीच्या साथीने शहर आधीच खचल्यामुळे.

हे आज कळते, कारण नाहुआ लोकांनी रोमन लिपी शिकून आपल्या भाषेत आपली बाजू लिहून ठेवली. मायांची पुस्तके मात्र १५६२ मध्ये मानी इथे दिएगो दे लांदाने जाळली. आज त्यांच्या प्राचीन पोथ्यांपैकी फक्त चार उरल्या आहेत.

मित्रांनो, भेटण्याआधीच नाव चिकटवले जाणे काय असते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. पण त्यावर नुसता संताप पुरेसा नाही. आपल्या मोहल्ल्याचा, आजी-आजोबांच्या कामधंद्याचा, बोलीचा इतिहास आपण मराठीत लिहून ठेवला आहे का? आणि शेजारच्या वस्तीला, दुसऱ्या जमातीला, दुसऱ्या फिरक्याला आपण न भेटताच कोणते नाव दिले आहे? दोन्ही प्रश्नांची उत्तरे आपल्यालाच द्यायची आहेत.