पाण्याची उधारी

निसर्गाचे आपल्यावर अनंत उपकार आहेत, हे वाक्य आपण निबंधात हमखास लिहितो. परंतु हे उपकार नेमके किती, हे मोजून पाहण्याची तसदी सहसा घेत नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने ती घ्यावी, असे मला वाटते.

पावसाचेच उदाहरण घेऊ. नेहमीच्या तापमानाला एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे २४ लाख जूल उष्णता लागते. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. म्हणजेच लिटरमागे सुमारे दोन-तृतीयांश युनिट. आता एक हेक्टर शेतावर वर्षभरात ४०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी होते ४० लाख लिटर. तेवढ्या पाण्याची वाफ करण्यात सूर्याची २६ लाख युनिटांहून अधिक ऊर्जा खर्ची पडलेली असते! आणि हा हिशेब कमी पावसाच्या प्रदेशातील एकाच हेक्टरचा झाला. याचे बिल कोणाच्याच घरी येत नाही. बिल येत नाही म्हणून वस्तू फुकटची, असे आपण धरून चालतो.

यावर कोणी म्हणेल, "सूर्याला ना मन, ना भावना. मग आभार कोणाचे मानायचे?" आक्षेप रास्त आहे. निसर्ग प्रसन्न होत नाही, तसा तो सूडही घेत नाही. विहिरी आटल्या की पुष्कळजण न्यूटनचा तिसरा नियम पुढे करतात. पण तो नियम दोन वस्तूंमधील बलांविषयी आहे, पापपुण्याविषयी नाही. येथे लागू पडतो तो साधा जमाखर्च. साठ्यात जेवढे भरले त्याहून जास्त काढले, तर साठा घटतो. तो पूजेने भरत नाही आणि भाषणानेही भरत नाही. पाण्याची परतफेड पाण्यानेच करावी लागते.

महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग बेसाल्ट खडकाचा आहे. या कठीण खडकात पाणी मुरते ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. साठा बेताचाच. तरीही एकाची विंधन विहीर आटली की दुसरा आणखी खोल जातो. ही उधारी फेडायची कोणी, हा प्रश्न कोणीच विचारीत नाही.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने तो विचारला. १९८९ नंतर श्री. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने तेथे श्रमदानातून समतल चर खणले गेले, बंधारे बांधले गेले, झाडे लावली गेली. शेतीसाठी विंधन विहीर घ्यायची नाही, असा नियम गावाने स्वतःवर घालून घेतला. गाव पाऊस मोजते, पाण्याचा ताळेबंद मांडते आणि मग कोणती पिके घ्यायची ते ठरवते. माझ्या मते कृतज्ञतेचे खरे रूप हेच होय.

ताळेबंद मांडला की काम संपले, असे मात्र नाही. किती पाणी शिल्लक आहे ते गणित सांगेल. पण शेजाऱ्यासाठी आणि पुढच्या पिढीसाठी हात आखडता घे, असे गणित सांगत नाही. त्यासाठी मनात ऋणाची जाणीव असावी लागते. आकडेमोडीविना जाणीव आंधळी ठरते आणि जाणिवेविना आकडेमोड पांगळी. शाळेत दोन्ही शिकवावयास हवीत.

विद्यार्थिमित्रांनो, प्रारंभ आपल्या शाळेपासून करा. छपराचे क्षेत्रफळ २०० चौरस मीटर असेल आणि वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर, तर त्या छपरावर १ लाख लिटर पाणी पडते. त्यातील किती जमिनीत मुरते आणि किती गटारात जाते, ते शिक्षकांच्या मदतीने शोधा. आलेला आकडा शाळेच्या फळ्यावर लिहा आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी गटारात जाणारे पाणी कमी करून दाखवा. उपकारांवरील निबंध त्यानंतर लिहिलात, तर त्याला वजन येईल.