आधी वापरणाऱ्याचा फोन पाहा, मग भाषा निवडा

मोबाइल अ‍ॅप बनवायला शिकू पाहणारी मुलंमुली आधी हेच विचारतात: कोणती प्रोग्रामिंग भाषा शिकू? त्यांना कळकळीची विनंती आहे, क्लासची फी भरण्याआधी वेगळ्या प्रश्नाचं उत्तर शोधा. तुमचं अ‍ॅप कोण वापरणार आणि त्यांच्याकडे फोन कोणता आहे?

दूध संकलनाचा हिशेब असो की बचत गटाची नोंदवही, आपल्याकडे अशी अ‍ॅप्स वापरणाऱ्या बहुतेकांकडे अँड्रॉइड फोन असतो, तोही अनेकदा स्वस्तातला. अशा कामासाठी कॉटलिन शिका. अँड्रॉइडची अ‍ॅप्स सुरुवातीला जावात लिहिली जात. गूगलने २०१७ मध्ये कॉटलिनला अधिकृत मान्यता दिली आणि २०१९ पासून तिलाच पहिली पसंती दिली. तिचा कोड आटोपशीर असतो. जी किंमत भरलेलीच नाही ती वापरायला गेल्याने अ‍ॅप बंद पडतं. अशा बऱ्याच चुका ही भाषा कंपाइल करतानाच दाखवते. कॉलेजात जावा शिकला असाल तर ते वाया जात नाही, कारण दोन्ही भाषांचा कोड एकाच अ‍ॅपमध्ये चालतो. त्यासाठी लागणारं अँड्रॉइड स्टुडिओ हे सॉफ्टवेअर मोफत आहे. लॅपटॉपला किमान ८ जीबी रॅम मात्र हवी. एम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपवरचा आभासी फोन, जड वाटला तर स्वतःचा फोन केबलने जोडून अ‍ॅप तपासा.

आयफोनसाठी स्विफ्ट आहे. अ‍ॅपलने ती २०१४ मध्ये आणली. पण तिच्यासाठी लागणारं एक्सकोड हे सॉफ्टवेअर फक्त मॅकवर चालतं आणि अ‍ॅप स्टोअरसाठी दरवर्षी ९९ डॉलर भरावे लागतात. प्ले स्टोअरची नोंदणी २५ डॉलरची, तीही एकदाच. आयफोनवाले ग्राहक समोर नसताना केवळ शिकण्यासाठी कर्ज काढून मॅक घेऊ नका.

दोन्हीकडचे ग्राहक खरोखर असतील तर एकाच कोडमधून दोन्हीकडची अ‍ॅप्स बनवणारं फ्लटर किंवा रिअ‍ॅक्ट नेटिव्ह घ्या. फ्लटरसाठी डार्ट शिकावी लागते, तर रिअ‍ॅक्ट नेटिव्हसाठी जावास्क्रिप्ट. वेबसाइट बनवता येत असेल तर दुसरा मार्ग सोपा. आणि नुसतं वेळापत्रक किंवा दरपत्रक दाखवायचं असेल, तर साधं वेबपेज पुरे; लोकांच्या फोनमधली जागा अडवू नका.

एकदा निवडलीत की दर महिन्याला भाषा बदलू नका. सिंबियन, विंडोज फोन अशा मोबाइल प्रणाली आल्या आणि गेल्या. पण रेंज नसताना नोंद फोनमध्येच कशी साठवायची, रेंज आल्यावर ती सर्व्हरवर कशी पाठवायची, बॅटरी कशी वाचवायची, हे ज्यांना नीट समजलं होतं त्यांना नवी भाषा जड गेली नाही. हे ज्ञान व्हिडिओ पाहून येत नाही, एक अ‍ॅप पूर्ण केल्यावरच येतं. म्हणून ओळखीतल्या एखाद्या दुकानदाराची किंवा बचत गटातल्या ताईंची एक खरी अडचण निवडा, तेवढ्यापुरतं अ‍ॅप बनवा आणि त्यांना वापरायला द्या. ते जिथे अडतील, तिथून पुढचं शिकायला घ्या.