बरी झाले, हे आता कुणाकडून लिहून आणू?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

हिपॅटायटिस सी पूर्ण बरा होतो, हे सरकार दर २८ जुलैला, जागतिक हिपॅटायटिस दिनी, आम्हाला सांगतं. मी बरी झाले. सरकारी औषधानं, एक रुपयाही न भरता बरी झाले. त्याबद्दल आभार, आणि ते आत्ताच मानून टाकते, कारण पुढे या पत्रात त्यांना जागा उरणार नाही.

प्रश्न एवढाच आहे: मी बरी झाले, हे अंधेरीतल्या खासगी रुग्णालयांना कोण कळवणार?

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी घराजवळच्या एका रुग्णालयात गेले. त्याचं नाव लिहीत नाही. भांडण एका पाटीशी नाही. दुसरीकडे चौकशी केली तर तिथेही तेच ऐकलं. शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत ‘अँटी-एचसीव्ही रिअ‍ॅक्टिव्ह’ आलं. ते येणारच होतं. मी व्हायरल लोडचा अहवाल पुढे केला. विषाणू आढळला नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. काउंटरवरच्या मुलीनं तो न वाचता परत सरकवला. “मॅडम, आमच्याकडे पॉझिटिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह.” मग फाइलवर लाल स्टिकर लागला, ओटीच्या यादीत शेवटचा नंबर मिळाला आणि एस्टिमेटमध्ये ‘बायोहॅझर्ड चार्जेस’ अशी एक ओळ वाढली. कारण लेखी मागितलं, तोंडी मिळालं: “पॉलिसी आहे.” लेखी तक्रार दिली. तिची पोच मिळाली, उत्तर नाही.

आपल्या खात्याला हे सगळं ठाऊक आहे. ‘पॉलिसी’ लिहिणाऱ्यांना बहुधा नसावं, म्हणून लिहिते. अँटिबॉडीची तपासणी विषाणू शोधतच नाही. शरीराची त्याच्याशी कधीतरी गाठ पडली होती, एवढंच ती सांगते, आणि ही खूण बरं झाल्यावरही वर्षानुवर्षं रक्तात राहते. विषाणू आज आहे की नाही, हे आरएनएची तपासणी सांगते. तिलाच आपण व्हायरल लोड म्हणतो. गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी ती निगेटिव्ह आली की वैद्यकशास्त्र रुग्णाला बरा झालेला मानतं. शिवाय लागण झालेल्यांपैकी सुमारे ३० टक्के लोकांच्या शरीरातून हा विषाणू औषधाविनाच सहा महिन्यांत निघून जातो. अँटिबॉडीच्या तपासणीत तेही ‘पॉझिटिव्ह’च. म्हणजे ज्यांना आजार उरलेला नाही अशांकडून आजाराचे पैसे घेण्याची ही सोय आहे.

धोक्याचाच हिशेब करायचा तर तोही करू. ज्याच्या रक्तात विषाणू आहे अशा रुग्णाला वापरलेली सुई कर्मचाऱ्याला टोचली, तर हिपॅटायटिस सी होण्याची शक्यता पूर्वी १.८ टक्के मानत. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेनं २०२० मध्ये दिलेला आकडा आहे ०.२ टक्के. माझ्या रक्तात विषाणू नाही, म्हणजे माझा आकडा शून्य. शून्यावर किती टक्के आकार लावायचा, याचं कोष्टक आपल्या खात्याकडे असेल तर कृपया पाठवावं.

उलट बाजू पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार जगात हिपॅटायटिस सीचे ५ कोटी रुग्ण आहेत, त्यांपैकी सुमारे ५५ लाख भारतात. २०२२ अखेरपर्यंत जगातल्या रुग्णांपैकी निदान झालं होतं फक्त ३६ टक्क्यांचं. बाकीचे ६४ टक्के हा आजार अंगात घेऊन, त्याची कल्पनाही नसताना हिंडतात. नव्यानं लागण झालेल्याच्या रक्तात अँटिबॉडी दिसायला साधारण ८ ते ११ आठवडे लागतात. तोवर तो कागदोपत्री ‘निगेटिव्ह’. सकाळी सातला स्वच्छ फाइल घेऊन पहिल्या नंबरला आत गेलेला माणूस तो असू शकतो. म्हणून तर सरसकट प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत सारखीच खबरदारी घ्यावी, असं सीडीसीनं १९८७ मध्येच सांगून ठेवलं. ही खबरदारी स्टिकर बघून घ्यायची नसते.

नर्स, वॉर्डबॉय आणि ओटीतला कचरा उचलणाऱ्या मावशींची भीती मला खोटी वाटत नाही. त्यांच्या हातात जाड मोजे हवेत, सुया टाकायला नीट डबे हवेत, हिपॅटायटिस बीची लस तर हवीच. सीवर अजून लस नाही. पण माझ्याकडून ‘बायोहॅझर्ड’च्या नावानं घेतलेल्या पैशातला एक तरी रुपया त्यांच्या मोज्यांवर खर्च होतो का? हे तपासण्याची तसदी कुणी घेतली आहे? भीती मावशींची आणि गल्ला मालकांचा, अशी ही वाटणी आहे.

हा आजार मी कुठून आणला, तेही सांगते. १९९४ साली बाळंतपणात मला रक्त चढवलं होतं. डॉक्टरांच्या मते विषाणू त्यातूनच आला. हा विषाणू १९८९ मध्ये सापडला. ज्या तिघांच्या कामामुळे तो ओळखता आला त्या अल्टर, हॉटन आणि राइस यांना २०२० चं नोबेल मिळालं. आपल्या देशात दात्याच्या रक्ताची हिपॅटायटिस सीसाठी सक्तीनं तपासणी सुरू व्हायला मात्र २००१ साल उजाडलं. मधल्या वर्षांत ज्यांना रक्त लागलं त्या बाळंतिणी, अपघातातले जखमी आणि दर काही आठवड्यांनी रक्त घेणारी थॅलसेमियाची मुलं, यांतल्या अनेकांना हा आजार आरोग्यव्यवस्थेनंच दिला. डायलिसिसवरच्या रुग्णांनाही हा धोका असतोच. व्यवस्थेनं दिलेल्या आजाराचे पैसे व्यवस्थेनंच पुन्हा आमच्याकडून घ्यावेत, हा न्याय कोणत्या खात्याचा?

आमच्या शेजारीच, जुहूला, अमिताभ बच्चन राहतात. ‘कुली’च्या अपघातानंतर १९८२ मध्ये चढवलेल्या रक्तातून त्यांना हिपॅटायटिस बी झाला, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांना हिपॅटायटिसविषयीच्या जनजागृतीसाठी सदिच्छादूत केलं. रविवारी त्यांच्या फाटकाबाहेर गर्दी लोटते, आणि ते योग्यच आहे. आमच्यासारख्यांनी फक्त एवढंच विचारायचं, की मग आमच्याच फाइलवर लाल स्टिकर का?

घरातली भीती निघते, महोदय. निदान झालं तेव्हा जाऊबाईंनी माझा कप वेगळा ठेवला होता. हा आजार जेवणातून, कपबशीतून, मिठी मारल्यानं पसरत नाही, तो रक्तातून पसरतो. रेझर, टूथब्रश आणि नखं कापायचं कटर तेवढं वेगळं ठेवायचं, हे त्यांना सांगितलं. कप त्याच संध्याकाळी परत कपाटात गेला. शिकल्यासवरल्या रुग्णालयांना मात्र हे वर्षानुवर्षं समजावता येत नाही.

कारण त्यांना समजावणारा कायदाच नाही. एचआयव्ही असलेल्यांसाठी संसदेनं २०१७ मध्ये कायदा केला. उपचार, नोकरी आणि विमा यांत भेदभाव करायला त्यात मनाई आहे, आणि तक्रारीसाठी लोकपालाची तरतूद आहे. हिपॅटायटिसला असं काही नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत कोणत्याही आजारावरून भेदभाव करू नये असं म्हटलं आहे. खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी, असा नियम आपल्याच राज्यानं २०२१ मध्ये केला. काही ठिकाणी ती लागलीही आहे, बिलाच्या खिडकीच्या वर, जिथे मान वर करून वाचायला कुणाला वेळ नसतो.

आणि हा देश काय करू शकतो, तेही याच आजारात दिसलं. सोफोसबुव्हिर हे औषध २०१३ च्या अखेरीस अमेरिकेत आलं, तेव्हा एका गोळीची किंमत १,००० डॉलर आणि १२ आठवड्यांची ८४,००० डॉलर होती. २०१४ मध्ये सात भारतीय औषध कंपन्यांना ते बनवण्याचा परवाना मिळाला. त्यात मुंबईची सिप्लाही होती. २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि तपासणी, औषध सगळं मोफत झालं. ८४ दिवसांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून जास्त रुग्ण बरे होतात. असा डोंगर चढून आलेलं सरकार एका स्टिकरपाशी येऊन का थांबावं?

मागण्या चारच. अँटिबॉडी पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाचा व्हायरल लोड पाहिल्याशिवाय कुणालाही ‘पॉझिटिव्ह’ म्हणू नये. आजाराच्या नावानं कोणताही जादा आकार घेण्यास लेखी मनाई करावी. सरकारी केंद्रात बरे झालेल्यांना प्रमाणपत्र द्यावं, आणि ते रुग्णालयं, विमा कंपन्या व नोकरी देणाऱ्यांवर बंधनकारक करावं. एचआयव्हीसारखं कायदेशीर संरक्षण हिपॅटायटिसलाही मिळावं, म्हणून राज्यानं केंद्राकडे आग्रह धरावा.

२०३० पर्यंत हिपॅटायटिस सी संपवण्याचं उद्दिष्ट सरकारनं ठेवलं आहे. तपासणीत नाव निघालं की जन्मभराचा शिक्का बसतो, हे लोकांना एकदा कळलं की तपासणीला कुणी येणार नाही, आणि मग उद्दिष्ट कागदावरच राहील.

मंत्रिमहोदय हे पत्र वाचतील तेव्हा वाचतील, पण वाचकहो, तुम्ही थांबू नका. २००१ च्या आधी रक्त चढवलं असेल, तर एकदा तपासून घ्या. अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली तरी घाबरू नका, व्हायरल लोड करा आणि तो अहवाल रेशनकार्डाइतका जपा. बिलात ‘बायोहॅझर्ड’ची ओळ दिसली, तर पैसे भरण्याआधी तिचं कारण लेखी मागा.

आपली,
अंधेरी (पूर्व) येथील एक बरी झालेली रुग्ण